सरासरीत न सापडणारी मुले

प्रारंभीच तुम्हांला एक कोडे घालतो. एक मुलगा आहे. तो स्पष्ट बोलतो, भराभर वाचतो, शुद्ध लिहितो. शब्दांचे अर्थ विचारा, तो सांगेल. सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारा, त्याच्या बरोबरीच्या मुलांइतकी उत्तरे तोही देईल. बुद्धिमापनाच्या चाचणीत त्याला सरासरीपेक्षा थोडे अधिकच गुण मिळतात. पण दुपारी त्याला विचारा, "काय रे, आज सकाळी काय काय केलेस?" की तो गोंधळतो. काल घरी पाहुणे आले होते, फोनवर कोणी निरोप दिला होता, सुटीत आपण कुठे जाऊन आलो, यांपैकी काहीच त्याला धड सांगता येत नाही. रोजच्या रस्त्यावर तो चुकतो. वस्तू ठेवतो आणि कोठे ठेवली ते विसरतो. आज वार कोणता, महिना कोणता, याचाही त्याला भरवसा नसतो.

आता सांगा, हा मुलगा हुशार की मठ्ठ?

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, "हुशार आहे, पण धांदरट आहे." काही म्हणतील, "सगळे येते, पण लक्ष देत नाही. जरा दटावले की येईल ताळ्यावर." मोठी माणसेही बहुधा असेच बोलतात. पण ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. कारण मुळात प्रश्नच चुकीचा आहे. बुद्धी म्हणजे एका मापाने मोजता येणारे दूध नव्हे. ती अनेक शक्तींची मिळून बनलेली असते, आणि एखाद्या अपघाताने त्यांतली एकच शक्ती लयाला जाऊन बाकीच्या शाबूत राहू शकतात. हा मुलगा मी कल्पनेतून उभा केलेला नाही. अशा मुलांचा शास्त्रज्ञांनी बारकाईने अभ्यास केलेला आहे. तोच आज आपण पाहू या.

तीन मुले आणि एक समुद्रघोडा

१९९७ साली 'सायन्स' या प्रसिद्ध नियतकालिकात एक शोधनिबंध छापून आला. लंडनमधील फराने वर्गा-खादेम आणि त्यांचे सहकारी यांनी तो लिहिला होता. त्यात तीन तरुणांची हकीकत होती. शोधनिबंधात त्यांचा उल्लेख बेथ, जॉन आणि केट एवढाच आहे. अभ्यासाच्या वेळी ते १४ ते २२ वर्षांचे होते.

बेथ जन्मली तेव्हा जन्मताच काही मिनिटे तिच्या हृदयाचे ठोके बंद पडले होते. जॉनचा जन्म फार लवकर, २६ व्या आठवड्यातच झाला. पूर्ण दिवसांचे मूल साधारण ४० आठवड्यांनी जन्मते, हे लक्षात घ्या. केट मात्र नऊ वर्षांची होईपर्यंत ठणठणीत होती. दम्यावरच्या एका औषधाची मात्रा चुकून फार मोठी झाली आणि तिला झटके आले. तिघांच्याही बाबतीत मेंदूला इजा झाली ती लहानपणीच.

तिघेही इतर मुलांसारखे साध्या शाळेत शिकले. वाचणे, लिहिणे, शब्दसंग्रह, सामान्यज्ञान, सगळे वयाला साजेसे. पण तिघांनाही रोजच्या घटना लक्षात ठेवता येत नव्हत्या. बेथ आणि जॉन यांच्या आईवडिलांच्या ध्यानात ही गोष्ट मुले पाच-सहा वर्षांची होईपर्यंत आली नाही. त्यात नवल नाही. तीन वर्षांच्या मुलाला "काल काय झाले?" असे विचारून त्याची परीक्षा कोण घेतो? शिवाय त्या वयात सोबतीला आई असतेच. मूल शाळेत जाऊ लागले, स्वतःचे दप्तर, स्वतःचा डबा, बाईंनी सांगितलेला निरोप असे ओझे त्याच्या एकट्याच्या डोक्यावर पडले, तेव्हा कोठे उणीव दिसू लागते.

शास्त्रज्ञांनी या तिघांच्या मेंदूची चित्रे घेतली. सारा मेंदू पाहता बराचसा ठीक दिसत होता. पण दोन्ही कानशिलांच्या आत, खोलवर, करंगळीएवढा एक भाग असतो, तो या मुलांमध्ये फार आखडलेला होता. नेहमीच्या आकाराच्या तो जेमतेम निम्मा भरला. या भागाला हिप्पोकॅम्पस म्हणतात. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ समुद्रघोडा. सोळाव्या शतकात आरांत्झी नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाला त्याचा बाकदार आकार पाहून समुद्रघोड्याची आठवण झाली, आणि ते नाव कायमचे चिकटले.

न कापता आत कसे पाहिले?

तुम्ही विचाराल, जिवंत माणसाच्या कवटीआडचा करंगळीएवढा अवयव मोजला तरी कसा? येथे आमच्या पदार्थविज्ञानाचा संबंध येतो.

आपल्या शरीरात पाणी भरपूर. पाण्यात हायड्रोजन. हायड्रोजनच्या अणूचे केंद्र म्हणजे एक प्रोटॉन, आणि हा प्रोटॉन एखाद्या चिमुकल्या चुंबकासारखा वागतो. माणसाला एका प्रबळ चुंबकाच्या पोकळीत झोपवले की हे प्रोटॉन त्या चुंबकीय क्षेत्राभोवती भोवऱ्याप्रमाणे डोलत फिरू लागतात. रुग्णालयातल्या यंत्राचे क्षेत्र बहुधा १.५ टेस्ला असते. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे साधारण ०.००००४ टेस्ला. म्हणजे यंत्राचे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राहून ३५ ते ४० हजार पट प्रबळ झाले! एक टेस्लाच्या क्षेत्रात प्रोटॉन सेकंदाला सुमारे ४ कोटी २६ लाख वेळा डोलतो. मग दीड टेस्लाला किती वेळा? गुणाकार तुम्हीच करा. उत्तर ६ कोटी ४० लाखांच्या जवळ आले पाहिजे. ही वारंवारता रेडिओलहरींची आहे, आपल्या एफ. एम. केंद्रांच्या वारंवारतेहून थोडीच कमी.

नेमक्या याच वारंवारतेची रेडिओलहर सोडली की प्रोटॉन ती शोषून घेतात. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला की तो उंच जातो, तसेच हे. लहर थांबली की ते पूर्वस्थितीला येतात आणि येता येता स्वतः रेडिओलहरी सोडतात. चरबीत, पाण्यात, मेंदूच्या करड्या भागात आणि पांढऱ्या भागात पूर्वस्थितीला येण्याचा वेळ वेगवेगळा असतो. त्या फरकावरून संगणक चित्र उभे करतो. हेच ते एम. आर. आय. पॉल लॉटरबर या रसायनशास्त्रज्ञाने असे पहिले चित्र १९७३ साली प्रसिद्ध केले. पुढे २००३ साली त्याला आणि पीटर मॅन्सफील्ड या पदार्थवैज्ञानिकाला वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे यंत्र नसते तर जॉनच्या मेंदूतली उणीव कधीच दिसली नसती, आणि जन्मभर त्याला "निष्काळजी" हेच विशेषण लागले असते.

ठाऊक असणे आणि आठवणे

पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण हे तुम्ही नेमके कोणत्या दिवशी शिकलात? त्या दिवशी वर्गात शेजारी कोण बसले होते? बाहेर पाऊस होता की ऊन? सांगता येत नाही ना? आता आपल्या गेल्या वाढदिवसाचा विचार करा. कोण कोण आले होते, काय खाल्ले, कोणाचे भांडण झाले, हे सारे डोळ्यांपुढे उभे राहते.

म्हणजे स्मरणाचे निदान दोन प्रकार झाले. एक ज्ञानाचे स्मरण, दुसरे प्रसंगांचे स्मरण. हा भेद एंडेल टल्व्हिंग या मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली स्पष्टपणे मांडला. जॉनच्या ठिकाणी पहिला प्रकार जवळजवळ पुरा शाबूत आहे आणि दुसरा फार दुबळा. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे तो शिकू शकतो. पण ते शिकल्याचा तास त्याला आठवत नाही.

अधिक गंमत पुढेच आहे. जॉनवर पुढे अनेक वर्षे प्रयोग झाले, आणि तो त्यांना सहकार्य देत राहिला. त्याला दारांची चित्रे दाखवली आणि मग विचारले, "या चारांपैकी तू पाहिलेले दार कोणते?" ते तो बऱ्यापैकी ओळखतो. पण चित्र न दाखवता नुसत्या स्मरणाने आकृती काढायला सांगितली, तर त्याला ती जमत नाही. संगणकावर एक खोटे गाव रचून त्याला त्यात हिंडवले. वाटेतली दृश्ये त्याने ओळखली, पण परतीची वाट शोधणे, गावाचा नकाशा काढणे, कोणती वस्तू कोणी कोठे दिली ते सांगणे, हे त्याला जमले नाही. ओळखणे आणि आठवणे यांतही एवढे अंतर आहे!

आता याच्या शेजारी दुसरे एक उदाहरण ठेवू. हेन्री मोलेसन हा अमेरिकन मनुष्य १९२६ साली जन्मला. त्याला अपस्माराचे झटके येत. ते थांबावेत म्हणून १९५३ साली त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग आणि भोवतालचा काही भाग शस्त्रक्रियेने काढून टाकला. झटके कमी झाले. परंतु त्या दिवसानंतर तो नवे असे जवळजवळ काहीच लक्षात ठेवू शकला नाही. नवे प्रसंग नाहीत, आणि नवे ज्ञानही फारसे नाही. २००८ साली तो मरण पावला.

येथे शास्त्रज्ञ पेचात पडले. मोठेपणी हिप्पोकॅम्पस गेला तर ज्ञान मिळवणेही थांबते. मग जॉनने तो भाग जन्मतःच निकामी असताना हजारो शब्द आणि जगाची एवढी माहिती मिळवली कशी? वर्गा-खादेम आणि त्यांचे सहकारी मॉर्टिमर मिश्किन यांचे म्हणणे असे, की ज्ञानाचे स्मरण हिप्पोकॅम्पसच्या भोवतालच्या मेंदूवर अवलंबून असते. मोलेसनचा तो भागही कापला गेला होता, जॉनचा मात्र शाबूत आहे. दुसऱ्या काही शास्त्रज्ञांना हे पटत नाही. ते म्हणतात, जॉनचा निम्मा हिप्पोकॅम्पस उरला आहे आणि ज्ञान वारंवार कानांवर पडत असते, म्हणून ते हळूहळू साचते. प्रसंग मात्र एकदाच घडतो. हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. दोन्ही पक्षांचे म्हणणे नीट वाचा. तुम्हांला कोणते अधिक पटते?

आधी प्राणवायू, मग बाकी सारे

जन्माच्या वेळी थोडा वेळ श्वास अडला, तर एवढी हानी का व्हावी? मोठ्या माणसाच्या शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा सुमारे २ टक्के. पण विश्रांतीच्या वेळी शरीर जो प्राणवायू वापरते, त्यातला सुमारे २० टक्के एकटा मेंदू खातो. शक्तीच्या हिशेबात सांगायचे तर आपला मेंदू साधारण २० वॅटवर चालतो. घरातला लहानसा दिवा जेवढी वीज घेतो, तेवढीच. पण या दिव्याला साठवणीची सोय जवळजवळ नाही. रक्ताचा पुरवठा थांबला की काही मिनिटांतच पेशी मरू लागतात. त्यातही सर्वच पेशी सारख्या नाजूक नसतात. हिप्पोकॅम्पसच्या काही पेशी प्राणवायूच्या तुटवड्याला सर्वांत आधी बळी पडतात. म्हणूनच एकाच संकटात बाकीचा मेंदू तरतो आणि तेवढाच भाग बुडतो.

संकट वेगळे असले, किंवा वेगळ्या वेळी आले, तर उणीवही वेगळी राहते. फार लवकर जन्मलेल्या काही बाळांत मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागाला, म्हणजे एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाकडे नेणाऱ्या तारांना, इजा होते. अशा एखाद्या मुलाची दृष्टी डोळ्यांच्या तक्त्यावर अगदी ठीक निघते. तरीही खच्चून भरलेल्या पेटाऱ्यातले आपले खेळणे त्याला सापडत नाही, बाजाराच्या गर्दीत आई दिसत नाही, पायरी किती खाली आहे याचा अंदाज येत नाही. डोळे पाहतात, पण पाहिलेल्याची मांडणी होत नाही.

२००१ साली लंडनमध्ये आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फार कमी दिवसांच्या जन्मलेल्या, आता मोठ्या झालेल्या मुलांतून दोन गट निवडले. एका गटाला आकडेमोड फार जड जाई, दुसऱ्याला जात नसे. चित्रे घेतली तेव्हा पहिल्या गटात मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या वर आणि मागे असलेल्या भागातील एका ठिकाणी करडे द्रव्य कमी आढळले. "पाढे पाठ करत नाही" असा ठपका ज्यांच्यावर येतो, त्यांतल्या काहींचे कारण कवटीच्या आत असते.

घर लहान, बिऱ्हाडे दोन

"पण लहान मुलाचा मेंदू लवचीक असतो ना? तो भरून काढील सगळे," असे आपण ऐकतो. हे अर्धे खरे आहे. बहुतेक माणसांत भाषेचे काम मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात चालते. १८६१ साली पॉल ब्रोका या फ्रेंच वैद्याने अशा एका रुग्णाची हकीकत सांगितली, की ज्याला दुसऱ्याचे बोलणे समजे, पण स्वतःला "तां" या एका अक्षरापलीकडे फारसे बोलता येत नसे. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला पुढे इजा सापडली. मोठ्या माणसाला या भागात रक्तस्राव झाला तर अनेकदा वाचा जाते. पण तेवढीच इजा जन्माच्या सुमारास झाली, तर ते मूल पुढे बोलू लागते, आणि बहुधा चांगले बोलते. कारण भाषा उजव्या अर्ध्या भागात जाऊन राहते.

मग किंमत कोणी मोजली? उजवा अर्धा भाग मुळात आकृत्या, अंतरे, दिशा यांचे काम पाहत असतो. एका बिऱ्हाडाच्या घरात दुसरे बिऱ्हाड येऊन राहिले की दोघांनाही अडचण होते. आणि आधी जागा बळकावते ती भाषाच. म्हणून अशा काही मुलांत बोलणे उत्तम, पण भूमितीची आकृती काढणे, नकाशा वाचणे, तुकडे जुळवणे अवघड, असा प्रकार दिसतो. म्हणजे लवचीकपणा हा फुकटचा नफा नसून एक तडजोड आहे.

दुसरीही एक गोष्ट ध्यानात ठेवा. मेंदूचे सगळे भाग एकाच वेळी कामाला लागत नाहीत. योजना आखणे, मन आवरणे, दोन गोष्टी एकदम सांभाळणे, ही कामे करणारा कपाळामागचा भाग सर्वांत उशिरा, अगदी विशीनंतर पक्का होतो. त्याला दुसऱ्या वर्षी इजा झाली असेल, तरी ती सातवी-आठवीत उघडी पडू शकते. कारण तेव्हाच त्याचे काम सुरू होते. घरातल्या माणसांना वाटते, "चौथीपर्यंत पहिला नंबर यायचा, आता काय झाले याला?" खरे तर नवीन काहीच झालेले नसते. जुने कर्ज आता वसुलीला आलेले असते.

सरासरी कशी फसवते?

आता थोडे गणित. समजा, बुद्धिमापनाच्या चार वेगवेगळ्या चाचण्यांत एका मुलीला १००, १००, १०० आणि १०० असे गुण मिळाले. सरासरी १००. दुसऱ्या मुलीला १२०, ११८, १०२ आणि ६० मिळाले. बेरीज ४००, सरासरी पुन्हा १००! कागदावर दोघी सारख्या. पण या मापनपट्टीवर ६० किंवा त्याहून कमी गुण हजारात चारच मुलांना मिळतात. म्हणजे दुसऱ्या मुलीची एक बाजू फारच दुर्बळ आहे, आणि सरासरीने ती झाकून टाकली.

याची उलट बाजूही असते. ६० च्या चाचणीवरूनच तिला कोणी पाहिले, तर "हिला काही येणार नाही" असे म्हणून तिचे ११८ आणि १२० वाया घालवील.

सातारा जिल्ह्यातल्या पावसाचे असेच आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. घाट उतरून तीसेक किलोमीटर आले की वाई, तेथे सातशे-आठशेच्या आसपास. आणि आणखी पूर्वेला माण-खटावकडे दुष्काळ ठाण मांडून. या सर्वांची सरासरी काढून कोणी माणच्या शेतकऱ्याला सांगितले, "तुमच्या जिल्ह्यात पाऊस भरपूर आहे, भात लावा," तर तो काय म्हणेल? मुलांच्या बाबतीत आपण नेमके हेच करत असतो. "तुझी बुद्धी चांगली आहे, मग हे का येत नाही?" हा प्रश्न माणच्या शेतकऱ्याला भात लावायला सांगण्यासारखाच आहे.

मग अशा मुलाने जगावे कसे?

हिप्पोकॅम्पसच्या मेलेल्या पेशी परत आणणारे औषध आज नाही. पण म्हणून हात बांधून बसायचे कारण नाही. पायाने अधू माणूस काठी घेतो, तशीच येथेही काठी घ्यायची असते. फक्त ती कोणत्या बाजूला हवी, हे आधी समजले पाहिजे.

प्रसंग आठवत नाहीत त्याने वही ठेवावी, आणि घडेल ते लगेच लिहावे. तोंडी निरोप घेऊ नये, चिठ्ठी मागावी. किल्ली, चष्मा, दप्तर यांच्या जागा ठरलेल्या असाव्यात आणि घरातल्या इतरांनीही त्या बदलू नयेत. जाण्यायेण्याची वाट एकच ठेवावी. पूर्वी यासाठी भिंतीवरचे कॅलेंडर आणि गजराचे घड्याळ एवढीच साधने होती. आता मोबाइल फोन आठवण करून देतो, वाट दाखवतो, छायाचित्र काढून ठेवतो. अशा माणसाच्या बाबतीत फोन हा चैनीचा भाग नसून मेंदूचाच एक बाहेर ठेवलेला तुकडा म्हणावा लागेल. ज्याला गर्दीत वस्तू सापडत नाही, त्याच्यासाठी टेबलावर एका वेळी एकच पुस्तक, पानावर एका वेळी एकच गणित, पायरीच्या कडेला रंगीत पट्टी. ज्याची आकडेमोड अडते पण तर्क चालतो, त्याला गणनयंत्र द्यावे आणि तर्क वाढू द्यावा.

कायद्याचेही थोडे पाठबळ आहे. आपल्या देशात २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार सांगितले आहेत, आणि मेंदूचा पक्षाघात व विशिष्ट अध्ययन अक्षमता हेही त्यांत आहेत. प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. ही मेहेरबानी नव्हे. चष्मा लावून पेपर लिहिणाऱ्याला आपण कॉपी करतो असे म्हणतो का?

मुळात इजाच होऊ नये म्हणूनही प्रयत्न चालू आहेत, आणि त्यातला एक फार बोधप्रद आहे. थंडीत रासायनिक क्रिया मंदावतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. जन्मताना प्राणवायू कमी पडलेल्या बाळाचे शरीर ७२ तास ३३.५ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवले, तर मेंदूची हानी कमी होते, असे श्रीमंत देशांतील प्रयोगांत दिसले. मग भारत, श्रीलंका आणि बांगलादेश येथील रुग्णालयांत ४०८ बाळांवर हीच पद्धत तपासून पाहण्यात आली. निष्कर्ष २०२१ साली आले. येथे बाळांना तिचा फायदा झाला नाही; उलट मृत्यूंचे प्रमाण वाढले. एका ठिकाणी सिद्ध झालेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी पुन्हा तपासूनच घ्यावी लागते, हा विज्ञानाचा नियम या बाळांच्या बाबतीत जिवाचा प्रश्न ठरला.

घरी करून पाहा

स्मरणाचा एक तिसरा प्रकारही आहे, तो हातांचा. त्याचा प्रयोग सोपा आहे. कागदावर पाच टोकांची एक मोठी चांदणी काढा. तिच्या आत, अर्धा सेंटिमीटर अंतर सोडून, तशीच दुसरी चांदणी काढा. दोन रेषांच्या मध्ये जी अरुंद वाट तयार झाली, तिच्यातून पेन्सिल फिरवायची आहे. मात्र कागदाकडे सरळ पाहायचे नाही. समोर आरसा उभा करा, हात आणि कागद पुस्तकाच्या आडोशाला ठेवा आणि फक्त आरशात पाहून पेन्सिल चालवा. पेन्सिल किती वेळा रेषेबाहेर गेली ते मोजा. रोज दहा वेळा, असे तीन दिवस करा आणि चुकांचा आलेख काढा. तो हळूहळू उतरत जाईल.

ब्रेंडा मिल्नर या शास्त्रज्ञ बाईंनी हाच प्रयोग हेन्री मोलेसनकडून करून घेतला होता. त्याचाही आलेख तुमच्यासारखाच उतरला. पण दर दिवशी तो म्हणे, की हा प्रकार आपण पूर्वी कधी केलेला नाही! त्याचा हात शिकला होता. फक्त शिकल्याची आठवण त्याच्याजवळ नव्हती.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या वर्गात निबंध सुंदर लिहिणारी पण वजाबाकीत अडखळणारी एखादी मुलगी असेल; सगळी माहिती असलेला पण रोज डबा विसरणारा एखादा मुलगा असेल. प्रत्येकाच्या मेंदूला इजा झालेली असते असे नाही. ते ठरवणे तज्ज्ञांचे काम, तुमचे-माझे नव्हे. पण "येत असून करत नाही" हे म्हणण्यापूर्वी थोडे थांबायला तज्ज्ञ असावे लागत नाही. त्याला काय येते आणि नेमके काय येत नाही, याची दोन रकान्यांची यादी करा, आणि ती बाईंना किंवा त्याच्या आईला दाखवा. जॉनची उणीव प्रथम ध्यानात आली ती घरच्याच माणसांच्या. एम. आर. आय. नंतर आला.

आणि तुमची स्वतःची यादी अशी उंचसखल निघाली, तर ती लपवू नका. उंच भागावर उभे राहा आणि सखल भागासाठी काठी मागून घ्या.